तवांगचं तिकीट काढलं, परवान्याचं काय?

तवांगची रील बघून 'चला रे, जाऊच' असं कुणी म्हटलं नाही, असा एकही ग्रुप सध्या कॉलेजात सापडायचा नाही. गोठलेला तलाव, ढगांच्या वरून चाललेली सुमो, मागे कुठलं तरी हळवं गाणं आणि खाली कमेंट्समध्ये ठरलेला प्रश्न : 'बजेट किती?' प्रश्न बरोबरच आहे, आपण शेवटी मेसच्या डब्यावर जगणारी माणसं. पण त्याच कमेंट्समध्ये आणखी एक प्रश्न असतो आणि त्याला सहसा कुणी उत्तर देत नाही. 'आयएलपी काय असतं? ते लागतंच का?'

लागतंच. आयएलपी म्हणजे इनर लाइन परमिट. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत बाहेरच्या भारतीय माणसाला जायचं तर हा परवाना हवा. आधार कार्ड आहे, पासपोर्ट आहे, विमानाचं तिकीट कन्फर्म आहे, सगळं खरं, पण परवाना नसेल तर गेटवरून गाडी मागे वळते. आणि ग्रुपमध्ये कुणी परदेशी दोस्त असेल तर त्याचं प्रकरण आणखी वेगळं. त्याच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा असला तरी तो व्हिसा या भागात पुरत नाही. त्याला वरून प्रोटेक्टेड एरिया परमिट काढावं लागतं. म्हणजे व्हिसा देशाचा आणि परमिट त्या भागाचं. दोन वेगळे कागद, दोन वेगळे अर्ज.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमचा ग्रुप तवांगला जाऊन आला. त्याची तयारी करताना मी जेवढे फॉर्म वाचले, तेवढी प्रवासवर्णनं अख्ख्या डिग्रीत वाचली नसतील. तेच सगळं इथे सांगतेय. हॉटेलं आणि मोमोंच्या गाड्यांबद्दल लिहिणारे भरपूर आहेत.

सुरुवातीला आम्ही पाच जण होतो. चार आपले आणि एक्स्चेंज प्रोग्रॅमवर पुण्यात आलेली एक जर्मन मैत्रीण. मी ग्रुपवर आयएलपीची लिंक टाकली आणि दोन मिनिटांत एकाचा मेसेज आला, "स्वतःच्याच देशात व्हिसा? हे काय लॉजिक आहे?" त्यावर तीन थम्ब्स-अप. हा राग तुम्हालाही येणार, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला येतो. म्हणून आधी लॉजिकच बघू.

ही रेषा आखली इंग्रजांनी. १८७३ मध्ये 'बेंगॉल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' नावाचा कायदा आला. आसामात चहाचे मळे वाढत होते, त्यांच्या मागोमाग व्यापारी आणि जमिनी घेणारे लोक डोंगरांकडे सरकत होते. रबर, हत्ती, हस्तिदंत, सगळ्यावर त्यांचा डोळा. त्यातून डोंगरातल्या जमातींशी भांडणं व्हायला लागली आणि ती निस्तरण्याचा खर्च सरकारच्या माथी. तेव्हा सरकारने नकाशावर एक रेषा मारली आणि सांगितलं, हिच्या पलीकडे पासशिवाय जायचं नाही, तिथे जमीन घ्यायची नाही. इंग्रजांना आदिवासींचा कळवळा आला होता असं समजायचं कारण नाही. त्यांना स्वतःचा धंदा शांतपणे करायचा होता.

इंग्रज गेले, रेषा राहिली. १९५० मध्ये कायद्यातल्या 'ब्रिटिश प्रजाजनां'च्या जागी 'भारताचे नागरिक' आले, म्हणजे आपण. राज्यघटनेशी हे कसं जमतं, असं आमच्या ग्रुपमधल्या लॉवाल्याने विचारलंच. त्याचं उत्तर त्यालाच शोधायला लावलं. देशात कुठेही फिरायचं आणि राहायचं स्वातंत्र्य देणारं जे कलम १९ आहे, त्याच्याच पाचव्या पोटकलमात म्हटलंय की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात.

पण घटनेपेक्षा मला जास्त पटलेली गोष्ट वेगळी आहे. हा इंग्रजांचा कायदा आज तिथल्या लोकांनाच हवाय, आणि त्यासाठी सगळ्यात पुढे असतात विद्यार्थी. मणिपूरला आधी आयएलपी नव्हतं. ते लागू करा म्हणून २०१५ मध्ये इंफाळमध्ये शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं रस्त्यावर उतरली होती आणि त्या वर्षी जुलैमध्ये पोलिसांच्या कारवाईत अकरावीतला एक मुलगा गेला. अकरावीतला! आपण अकरावीत ॲडमिशनच्या याद्या बघत होतो. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती आली, तिच्यातून आयएलपीचे भाग वगळलेले होते, आणि त्याच वेळी मणिपूरलाही या यादीत घेतलं. १ जानेवारी २०२० पासून तिथे परवाना सुरू झाला. मेघालयच्या विधानसभेने त्याच डिसेंबरमध्ये आम्हालाही हे द्या असा ठराव केला. तिथली विद्यार्थी संघटना अजून ती मागणी धरून आहे.

भीती कशाची आहे? संख्येची आणि जमिनीची. काही लाखांची वस्ती, त्यात एकेका जमातीची माणसं काही हजार, प्रत्येकीची भाषा वेगळी. बाहेरून पैसेवाले आले की काय होतं हे आपल्याला सांगायला नको. कोकणात कुठल्याही गावात जाऊन डोंगर कुणी विकत घेतला विचारा. गोव्यातल्या मित्राशी बोला, तोही हेच बोलेल. आणि महाराष्ट्रात तरी काय, शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही आणि आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर करायला सरकारची परवानगी लागते. याला आपण 'स्वतःच्या राज्यात व्हिसा' म्हणत नाही. हे एवढं सगळं ग्रुपवर टाइप केल्यावर तो थम्ब्स-अपवाला म्हणाला, "बरं बाई, कुठे सही करायची ते सांग." असो.

फॉर्म भरणं तसं काही अवघड नाही. अरुणाचलचा परवाना ऑनलाइन मिळतो. फोटो, एक ओळखपत्र, कुठून कुठे जाणार, कुठल्या गेटने आत शिरणार, किती दिवस राहणार, एवढं भरायचं आणि फी भरायची. फीचा आकडा मुद्दाम देत नाही, तो बदलतो, साइटवर बघा. साइट म्हणजे सरकारीच, पत्त्याच्या शेवटी सरकारी डोमेन आहे का ते नीट बघून. सर्च केल्यावर वर वर ज्या चकचकीत साइट्स येतात त्यातल्या कितीतरी एजंटांच्या असतात. ते परवाना काढून देतात, पण तुमच्याकडून फीच्या वर आणखी पैसे घेऊन. हे काम आपण फोनवर स्वतः करू शकतो.

खरे घोळ होतात ते बारीक गोष्टींत. ओळखपत्रावर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि फॉर्ममध्ये तुम्ही इन्स्टावरचं नाव टाकलंत, तर गेटवरच्या पोलिसाला ती दोन माणसं वाटणार. दिवस मोजून मापून टाकू नका. हा डोंगर आहे. दरड कोसळते, सेलावर बर्फ पडतं, रस्ता बंद म्हणजे बंद. आम्ही परतीच्या तारखेनंतर चार दिवस जास्तीचे मागितले होते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. नागालँडला डिसेंबरच्या १ ते १० तारखेला हॉर्नबिल फेस्टिव्हल असतो, तिथून अरुणाचलला वळू असा प्लॅन असेल तर दोन वेगळे परवाने. आणि प्रिंट काढा, प्लीज. परवाना मोबाइलमध्ये, मोबाइलला रेंज नाही, बॅटरी थंडीने बसलेली, आणि मागे गाड्यांची रांग, अशा अवस्थेत एक मुलगा मी गेटवर बघितलाय. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आमच्याकडे प्रत्येकी चार झेरॉक्स होत्या आणि परत येईपर्यंत त्यातली एक उरली.

तवांगच्या वाटेवरचं गेट म्हणजे भालुकपाँग. गुवाहाटीहून तेजपूर, तेजपूरहून भालुकपाँग. अलीकडे आसामचं सपाट रान, बाजूला नदी, आणि कमान ओलांडली की लगेच चढ. इटानगरला जाणारे बांदरदेवाच्या गेटने शिरतात. इटानगरजवळ होलोंगीला नोव्हेंबर २०२२ पासून विमानतळ आहे, तिथे उतरलात तरी परवाना लागतोच. मिझोरामला लेंगपुई विमानतळावर उतरल्यावरही तात्पुरता परवाना काढता येतो, पण रांगेत उभं राहण्यापेक्षा घरून काढलेला बरा. भालुकपाँगला आमचे चौघांचे कागद पाच मिनिटांत बघून झाले. नाव, फोटो, शिक्का, जा. गाडीचा ड्रायव्हर आसामचा होता, त्याचाही परवाना बघितला. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आसामात ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हरही अरुणाचलसाठी बाहेरचाच.

आता जर्मन मैत्रिणीकडे येऊ, कारण खरी दमछाक तिची झाली.

तिच्याकडे स्टुडंट व्हिसा. पुण्यात आल्यावर परदेशी नागरिकांची जी नोंदणी करावी लागते, ती केलेली. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं, भारताने मला भारतात यायला परवानगी दिली, अरुणाचल भारतात आहे, मग अडचण काय? अडचणीचं मूळ १९५८ सालच्या एका आदेशात आहे. त्याने सीमेजवळचे काही भाग 'संरक्षित' ठरवले आणि परदेशी माणसाला तिथे जायचं तर सरकारची वेगळी परवानगी हवी असं सांगितलं. अख्खं अरुणाचल त्यात येतं. सिक्कीमचा काही भाग येतो, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, राजस्थानचे सीमेलगतचे पट्टे येतात. ई-व्हिसावर आलेल्या पर्यटकाला तर आधीच सांगितलेलं असतं की हा व्हिसा संरक्षित भागांसाठी चालणार नाही. पण बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतं? आपणही ॲप टाकताना 'आय ॲग्री' दाबून मोकळे होतो. नागालँड, मणिपूर आणि मिझोराममध्ये ही अट बराच काळ सैल केली होती, पण डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा लागू झाली. तेव्हा जुने ब्लॉग वाचून परदेशी मित्राला 'चल रे, काही लागत नाही' असं सांगू नका.

हे परमिट त्या माणसाला पोर्टलवर जाऊन एकट्याने काढता येत नाही. नोंदणी असलेल्या टूर ऑपरेटरमार्फत अर्ज, ठरलेला मार्ग, जास्तीत जास्त ३० दिवस, आणि किमान दोघांचा ग्रुप. या शेवटच्या अटीवर आमची गाडी अडली. दोघांचा म्हणजे दोन परदेशी. आम्ही चार भारतीय सोबत आहोत, चार सोडा, चाळीस असतो तरी त्या मोजणीत आम्ही येत नाही. ऑपरेटरने फोनवर थंडपणे सांगितलं, "मॅडम, एक और फॉरेनर ढूंढो." पाकिस्तान, चीन, अफगाणिस्तान अशा काही देशांच्या नागरिकांना तर आधी थेट केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी लागते. तिचा तो प्रश्न नव्हता, एवढंच समाधान.

मग सुरू झाली 'फॉरेनर' शोधमोहीम. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर चक्क चिठ्ठी लागली. एका मुलाने 'माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याचं नाव टाक' असा सल्ला दिला. हा विनोद वाटतो, पण अशा युक्त्या खरोखर होतात. लडाखमध्ये तर एकट्या आलेल्या परदेशी पर्यटकाचं नाव एजंट दुसऱ्या अनोळखी माणसाच्या नावासोबत एकाच परमिटवर टाकतात, हे जुन्या गाइडबुकांतही सापडतं. तो सल्ला आम्ही घेतला नाही. परमिटवर दोन नावं आणि गेटवर एकच माणूस असेल तर उत्तर ती देणार, मामेभाऊ नाही. शेवटी तिच्याच विंगमधली एक इटालियन मुलगी तयार झाली. तिला तवांग कुठे आहे हेही माहीत नव्हतं. तिला फक्त सबमिशनपासून पळायचं होतं, आणि हे कारण कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला समजतं.

दोघींचे पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो स्कॅन करून गेले. परमिट यायला आमच्या परवान्यापेक्षा जास्त दिवस लागले. ऑपरेटरचं पॅकेज घ्यावं लागल्यामुळे त्यांचा खर्च आमच्याहून बराच जास्त झाला. भालुकपाँगला त्यांचे पासपोर्ट वेगळ्या वहीत नोंदवले. प्रत्येक हॉटेलात आमच्या आधारच्या झेरॉक्सवर काम भागायचं आणि त्या दोघींसाठी मालक परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म भरत बसायचा. दिरांगच्या हॉटेलातल्या काकांचं नेट चालत नव्हतं, तर ते बिचारे फोन खिडकीबाहेर धरून उभे.

परदेशी मित्रांसोबत जाणार असाल तर व्हिसा कुठल्या कारणासाठी आहे तेही बघा. आमची जर्मन मैत्रीण पत्रकारिता शिकते. तिला तवांगच्या मठावर छोटी डॉक्युमेंटरी करायची फार हौस होती. पण परदेशी पत्रकारांसाठी भारताचा वेगळा जर्नलिस्ट व्हिसा असतो आणि पर्यटनासाठी दिलेल्या परमिटवर जाऊन मुलाखती घेत फिरणं म्हणजे अर्जात एक सांगून दुसरं करणं. तिने ट्रायपॉड पुण्यातच ठेवला. फोनवर सूर्यास्त काढले, आम्ही काढले तसेच.

सेलाची खिंड साधारण १३,७०० फुटांवर आहे. तिच्या खालून काढलेल्या बोगद्याचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं, त्यामुळे बर्फातही रस्ता चालू ठेवणं सोपं झालंय. आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने वरून गेलो आणि दोघांना उलट्या झाल्या. तवांगला पोचल्यावर पुढचा परवाना तयारच होता, बुमलाचा.

बुमला म्हणजे १५,००० फुटांच्याही वर, थेट चीनच्या सीमेवरची खिंड. आयएलपी तिथे पुरत नाही. तवांगमध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाची आणि सैन्याची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी लागते आणि गाडी तिथल्याच टॅक्सीवाल्याची. तो ड्रायव्हरच सहसा तुमची कागदपत्रं घेऊन जातो आणि संध्याकाळी शिक्का मारून आणतो. वाटेत तो शोंगात्सेर तलाव लागतो, ज्याला सगळे 'माधुरी लेक' म्हणतात. 'कोयला'चं शूटिंग तिथे झालं होतं. माधुरी दीक्षितच्या नावाचा तलाव चीनच्या सीमेजवळ आहे याचा मराठी माणसाला जेवढा अभिमान वाटायला हवा, तेवढा आम्ही वाटून घेतला.

बुमलाला परदेशी नागरिकांना परवानगी नाही. मग त्यांचा व्हिसा कुठलाही असो आणि परमिट कितीही पक्कं असो. त्या दिवशी आम्ही चौघं वर गेलो आणि त्या दोघी तवांगमध्ये राहिल्या. मला सकाळभर वाईट वाटत होतं. संध्याकाळी बघते तर त्या मठात दिवसभर बसून, छोट्या भिक्खूंकडून कॅरम शिकून आल्या होत्या. आम्ही धुक्यात एक पाटी आणि एक खुर्च्यांची खोली बघून आलो होतो. नक्की कुणाचा दिवस चांगला गेला ते सांगता येत नाही.

खिंडीच्या पलीकडे तिबेट. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा याच प्रदेशातून भारतात आले आणि पुढे तवांगला थांबले. पलीकडचा नियमही गंमतीशीरपणे ओळखीचा आहे. परदेशी माणसाला तिबेटमध्ये जायचं तर चीनचा व्हिसा पुरत नाही. तिबेटचं वेगळं ट्रॅव्हल परमिट लागतं, ते एजन्सीमार्फतच मिळतं, आणि एकट्याने फिरता येत नाही. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये कैलास मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या घरचे आजी-आजोबा जाऊन आले त्यांनी हे कागद बघितले असतील. कागद दोन्हीकडे तसेच दिसतात. फरक एवढाच की भालुकपाँगचं गेट हवं की नको, यावर अलीकडची मुलं मोर्चे काढू शकतात.

आणि या सीमेमुळे एक तिसऱ्या प्रकारचा कागद जन्माला आलाय. त्याची झळ आपल्याला नाही, अरुणाचलच्या मुलांना लागते.

जुलै २०२३. चीनमधल्या चेंगडूला वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स होणार होते, म्हणजे आपल्यासारख्या कॉलेजच्या मुलामुलींचं ऑलिंपिकच म्हणा. भारताच्या वूशू संघात अरुणाचलच्या तीन मुली होत्या. बाकी खेळाडूंना चीनने नेहमीसारखा व्हिसा दिला, पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला. या तिघींना दिला 'स्टेपल्ड व्हिसा', म्हणजे वेगळा कागद, पासपोर्टला पिन मारून जोडलेला. दिसायला किरकोळ. पण त्याचा अर्थ असा की चीन अरुणाचलला भारत मानत नाही, म्हणून तिथल्या माणसाच्या भारतीय पासपोर्टवर शिक्का मारायला तयार नाही. भारत असा व्हिसा मान्य करत नाही. मान्य केला तर चीनचा दावाच मान्य केल्यासारखं होईल. मग भारताने अख्खा वूशू संघच पाठवला नाही. त्याच तिघी सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सलाही जाऊ शकल्या नाहीत आणि त्याचा निषेध म्हणून तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी आपला दौरा रद्द केला. २०१३ मध्ये अरुणाचलच्या दोन तिरंदाज मुलींचंही असंच झालं होतं, तीही स्पर्धा चीनमध्येच होती. आपली सरावाची चार-पाच वर्षं एका पिनेवर अडकलीत अशी कल्पना करून बघा. सरकारने जे केलं ते बरोबर होतं असं मला वाटतं. पण त्याची किंमत देशाने नाही, त्या मुलींनी मोजली, हेही तितकंच खरं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली. लंडनहून जपानला निघालेल्या एका भारतीय महिलेला शांघाय विमानतळावर तासन्‌तास अडकवून ठेवलं. तिला तिथे फक्त विमान बदलायचं होतं. पासपोर्टवर जन्मस्थान 'अरुणाचल प्रदेश' होतं, तेवढंच कारण.

ही बातमी आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यात शांतपणे वाचली ती पासीघाटच्या एका मुलीने. ती माझी बॅचमेट. तिला अरुणाचलमध्ये जायला आयएलपी लागत नाही, उघड आहे, ते तिचं घर आहे. पण पहिल्या वर्षी पुण्यात खोली शोधत होती तेव्हा एका घरमालकांनी तिच्याकडे व्हिसा मागितला होता. चेहरा बघून. तिने आधार दाखवलं, तर ते म्हणाले, "हे ठीक आहे, पण मूळ देश कुठला?" हा किस्सा ती हसत हसत सांगते, शिवाय त्या काकांची नक्कल फर्मास करते, अगदी चष्मा नाकावर आणून. मी तिला आमच्या ग्रुपमधला तो 'स्वतःच्याच देशात व्हिसा?'वाला मेसेज दाखवला, तर ती म्हणाली, "याला माझ्या घरमालकांचा नंबर दे."

आयएलपीबद्दल तिचं मत मात्र काळं-पांढरं नाही. परवाना असलाच पाहिजे यावर ती ठाम आहे. पण तो नुसता कागद तपासण्यापुरता राहिलाय, मुदत संपल्यावर कोण कुठे आहे हे बघायची यंत्रणा ढिली आहे, अशी तिची तक्रार. आणि पर्यटकांनी परवाना काढला म्हणजे सगळं आपलं झालं असं समजू नये. मठाच्या आवारात मोठ्याने स्पीकर लावणारे, बुमलाच्या वाटेवर वेफर्सची पाकिटं उडवणारे, सगळ्यांकडे वैध आयएलपी असतं.

परीक्षेनंतर ती मास्टर्ससाठी जपानला जाणार आहे. ॲडमिशन झालंय, जपानचा व्हिसाही व्यवस्थित मिळाला, पासपोर्टच्या पानावर. गेल्या आठवड्यात आम्ही कँटीनमध्ये बसून तिची तिकिटं बघत होतो. सगळ्यात स्वस्त तिकीट शांघायमार्गे होतं. कुठल्याही विद्यार्थ्याने डोळे झाकून तेच घेतलं असतं. तिने फिल्टरमध्ये जाऊन शांघायवरची खूण काढली, मग ग्वांगझोऊवरची, मग बीजिंगवरची. उरलेल्यांत बँकॉकमार्गे एक होतं. किमतीतला फरक बघून मी गप्प झाले, त्यात आमच्या मेसचे तीन महिने सहज निघाले असते. तिने चहा संपवला, घरी फोन लावला आणि वडिलांना हिंदीत सांगितलं की थोडे जास्त पैसे लागतील.